बालाजी, पाच वर्षांनी तू कुठं असशील?

आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तयार होतं असा लोकांचा समज आहे. खरं तर तिथे किस्से तयार होतात, आणि मधल्या वेळात सॉफ्टवेअर होतं. सॉफ्टवेअर जुनं झालं की काढून टाकता येतं. किस्से कुठे टाकणार? ते साठत जातात. जेवताना घरी एक सांगायला घ्यावा तर त्याच्या पाठोपाठ दुसरा आठवतो. नवरा म्हणतो, "अगं, भाजी गार व्हायलीय," तोवर माझा तिसरा सुरू झालेला असतो!

आधी ओळख करून देते. आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. पेशंटची नोंद, नंबर, बिल, रिपोर्ट, असलं सगळं. मुख्य ऑफिस पुण्यात. एक टीम नांदेडला, तिथल्या श्रीनगर भागात, एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दुसरी लातूरला, औसा रोडवर. या दोन्ही टीमची मी मॅनेजर. जन्म नांदेडचा, नोकरीची पहिली बरीच वर्षं पुण्यात. त्यामुळे पुण्याचे लोक मला नांदेडची समजतात आणि नांदेडचे लोक पुण्याची. दोन्हीकडची बोलणी खायला मी मोकळी!

तर मागे एकदा पुण्याच्या अभ्यंकर सरांनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, फर्मान काढलं. टीममधल्या प्रत्येकाशी अधूनमधून 'करिअर कॉन्व्हर्सेशन' करायचं. त्यात चालू कामाचं काही बोलायचं नाही. त्या माणसाचं मन कशात लागतं, त्याला काय शिकायचंय, पुढे काय व्हायचंय, ते ऐकायचं. आणि एक प्रश्न अगदी सक्तीचा : "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस?"

कल्पना चांगलीच होती. फक्त आमच्याकडे साहेबानं एकट्याला केबिनमध्ये बोलावून दार लावलं, की त्याचा अर्थ एकच निघतो, हे पुण्यात कोणाला माहीत नव्हतं.

* * *

पहिला नंबर लावला संतोषचा. संतोष किनवट तालुक्यातला, जंगलातल्या एका गावचा. पहिलीपासून आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून शिकला. काम एकदम चोख, बोलणं मात्र जपून. त्याला कॅलेंडरवर निमंत्रण पाठवलं, "उद्या अकरा वाजता, फक्त तू आणि मी."

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला संतोष हजर. पाठीला बॅग! बॅगेत चहाचा मग, चार्जर, खुर्चीवरची उशी, सगळं भरलेलं. येता येता सॉफ्टवेअर तपासणाऱ्या आमच्या टेस्टर नसरीन आपांना "काही चुकलं असंल तर माफ करा" असंही सांगून आला होता.

"अरे संतोष, बॅग कशाला?"

"हॉस्टेलात एकट्याला हापिसात बोलावलं की भरूनच जायचं असतंय मॅडम. बाहेर कोनीतरी न्यायला आलेलं असतंय."

मी आधी हसले, आणि मग विचारलं, कोण यायचं न्यायला?

"एकदा बाप आलता, जत्रंला न्यायला. एकदा काका आलते, आजी गेली म्हनून. आत जाईस्तवर काय कळतंय का!"

दहा-बारा वर्षांचं ते पोर बॅग पाठीला लावून ऑफिसच्या दाराशी उभं आहे, हे डोळ्यांपुढून जाईना. बस म्हटलं, पाणी दिलं आणि प्रश्न सुरू केले.

"कामात मन लागतंय का?"

"हाव."

"नवीन काही शिकायचंय?"

"हाव."

"काय शिकायचंय?"

"हाव."

प्रत्येक प्रश्नाला तेच 'हाव', म्हणजे हो. शेवटी मी हात टेकले. त्याला घेऊन खाली चहाच्या टपरीवर गेले. दोघं शेजारी शेजारी उभे, हातात कट चहा, समोर रस्त्यावर ऑटोवाल्यांची भांडणं चाललेली. आणि त्या भांडणांकडे बघता बघता संतोष जो सुटला! त्याच्या गावाकडे नेटवर्क नाही. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंना कागदावर लिहून घ्यावं लागतं आणि मग नेटवर्क शोधत टेकाडावर चढावं लागतं. नेटवर्क नसतानाही चालेल असं मोबाइल ॲप त्याला करायचंय. ते कसं करायचं याचा अर्धा विचारही त्यानं करून ठेवला होता. माझा चहा गार झाला, त्याचं बोलणं संपेना.

त्या दिवसापासून मी केबिनचा नाद सोडला. माणूस समोरासमोर बसवला की जबाब देतो. शेजारी उभा केला की बोलतो.

खूश होऊन आम्ही दोघं वर आलो. बघतो तर संतोषच्या टेबलावर नसरीन आपांनी त्यांचा दुसरा मॉनिटर मांडलेला!

"मला काय माहीत तो परत येणार म्हणून?" आपा म्हणाल्या. "बॅग भरून गेलता ना!"

* * *

आता बालाजी. बालाजी आमच्या लातूरच्या टीमचा लीड, म्हणजे तिथला प्रमुख. रेणापूर तालुक्यातला, घरी शेती. दोन्ही ऑफिस मिळून त्याच्यासारखा प्रोग्रॅमर नाही, आणि म्हणूनच वर्षापूर्वी पुण्यानं त्याला लीड केलं. आमच्या क्षेत्रात ही पद्धतच आहे. जो माणूस एखादं काम सगळ्यात छान करतो, त्याला बक्षीस म्हणून ते काम बंद करायला लावतात!

आता बालाजी दिवसभर मीटिंगा करतो, रजा मंजूर करतो आणि एसीखाली कोणी बसायचं यावरची भांडणं सोडवतो. मी लातूरला गेले तेव्हा, जवळ टपरी नसल्यानं, मीटिंग रूममध्येच त्याच्याशी बोलायला बसले.

"कसं वाटतंय लीड म्हणून?"

"मस्त."

"काही अडचण?"

"न्हाई मॅडम. मस्त."

"पाच वर्षांनी तू कुठं असशील, बालाजी?"

त्यानं छताकडे बघितलं. मग म्हणाला, "मस्तच असंल."

सलाईन लावलेला माणूस भेटायला आलेल्यांना "बरंय, बरंय" म्हणतो ना, तसा आवाज. पोरगा आतून वाळत चालला होता, ते दिसत होतं. पण तो बोलेना, आणि त्याच्या तोंडात मी शब्द कोंबणार तरी कसे?

* * *

लातुरात 'करिअर' हा शब्द बारावीपर्यंतच वापरतात. पुढे नुसतं आयुष्य असतं. त्यामुळे लातूरच्या टीममधल्या सोमनाथला "तुझ्या करिअरबद्दल बोलायचंय" असं मी कळवलं, तेव्हा तो गडबडला. ठरल्या वेळी दार उघडलं. आत आधी पांढरी टोपी आली, मग खांद्यावरचा टॉवेल, आणि मागून सोमनाथ.

"मॅडम, हे मामा. उदगीरहून आलेत."

"अरे, मामांना कशाला त्रास?"

"अकरावीच्या ॲडमिशनला मामा होते. इंजिनिअरिंगला मामाच. करिअरचं बोलनं मोठ्या मानसाबिगर कसं करायचं?"

मामा मधल्या खुर्चीवर ऐसपैस बसले. त्यांनी भिंती बघितल्या, पंखा बघितला, मला बघितलं. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "हां, बोला. काय अपेक्षा हायत तुमच्या?"

मी म्हटलं, "मामा, मला सोमनाथच्या अपेक्षा ऐकायच्यात. सोमनाथ, तुझं मन कशात लागतं?"

"तसं कुटलंच व्यसन न्हाई त्याला," मामा म्हणाले.

"सोमनाथ, तुला पुढे काय शिकायचंय?"

"शिकवा तुमी काय बी. पोरगं शब्दाभाईर न्हाई."

"पाच वर्षांनी तो कुठं असेल असं त्याला वाटतं?"

मामांनी पहिल्यांदा सोमनाथकडे नीट बघितलं. "घर तर बांधलंय आमी उदगीरला. खाली हॉल, वर दोन खोल्या. बोल की रं, मॅडम विचारायल्या."

सोमनाथनं सुस्कारा टाकला आणि एका दमात सांगून टाकलं, की त्याला डेटाबेसचं काम शिकायचंय आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलायची भीती वाटते. मामा चकित! "घरात तर ह्याचं तोंड बंद होत न्हाई," म्हणाले. पण त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. मी दोन्ही गोष्टींचं काय करता येईल ते सांगितलं. सोमनाथचा लीड म्हणून बालाजीलाही मी शेजारी बसवलं होतं, त्यानं डेटाबेसचं शिकवायचं कबूल केलं. ते कबूल करताना त्याच्या चेहऱ्यावर त्या महिन्यातलं पहिलं हसू मी बघितलं.

मामा उठले, हात जोडले. "ठरलं मग. सकाळी लवकरची ड्युटी तेवढी लावू नका, उठत न्हाई." आणि दाराकडे वळून मोठ्यानं ओरडले, "साखर आना रे कोनीतरी!"

* * *

त्यानंतर काही आठवड्यांनी लातूरची पोरं माझ्याकडे शिष्टमंडळ म्हणून आली. पुढे सोमनाथ. मीटिंगमध्ये बोलायची भीती बहुतेक गेली होती.

"मॅडम, तक्रार हाय. बालाजी सरांची."

"काय झालं? ओरडतो का तुम्हाला?"

"न्हाई. आमचे बग खायलेत!"

बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. ती शोधून दुरुस्त करायची, हेच या पोरांचं काम. तर पोरं शुक्रवारी अर्धवट सुटलेला बग ठेवून घरी जायची आणि सोमवारी येऊन बघतात तर दुरुस्त! आधी वाटलं व्हायरस आहे. पण चुका दुरुस्त करणारा व्हायरस कोणी ऐकलाय? बदल झाले होते टेस्टिंगच्या लॉगिनवरून, आणि ते लॉगिन सगळेच वापरतात. मग हे प्रकरण नांदेडला नसरीन आपांकडे गेलं. प्रोग्रॅममध्ये माहिती ठेवायच्या डब्यांना, म्हणजे व्हेरिएबलना, लिहिणारा हवं ते नाव देतो. आपांनी तो प्रोग्रॅम उघडला, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तात्पुरत्या व्हेरिएबलची नावं बघा. एकाचं नाव तूर, दुसऱ्याचं हरभरा, तिसऱ्याचं करडई. माणूस लातूरकडचा आहे, घरी शेती आहे, आणि सगळे बदल शनिवारचेच, म्हणजे रविवारी त्याला आईनं शेतात कामाला लावलंय. अजून कोणी दुसरा आहे का तुमच्यात?"

बालाजीला बोलावलं. त्याचे कान लाल झाले.

"शनिवारी हापिस रिकामं असतंय मॅडम. जरा बसलो होतो."

"पोरांचं काम तू का करतोस? बग सोपे होते म्हणून?"

"न्हाई," तो हळूच म्हणाला. "लई चांगले होते."

साहेब आपल्या वाटचं काम करून टाकतो म्हणून हाताखालच्या माणसांनी तक्रार केल्याचं मी तरी दुसरं उदाहरण बघितलेलं नाही. सोमनाथ जाता जाता दारात थांबला. म्हणाला, "खाऊ द्या मॅडम, आमचं काय न्हाई. पन चांगले चांगले तेवढे आमाला ठिवा म्हनावं!"

* * *

नसरीन आपांचं एकदा सांगूनच टाकते, नाहीतर राहून जाईल. आपा नांदेडच्या इतवारा भागातल्या. घरात आजोबांपासून शिवणकाम. शिलाई दोन्ही हातांनी ताणून बघितल्याशिवाय पास करायची नाही, हे त्यांनी लहानपणी बघितलेलं. तीच ताणाताणी त्या सॉफ्टवेअरची करतात. त्यांच्यासमोर आमचा प्रोग्रॅमर आला की त्याचा चेहरा वधूपित्यासारखा होतो.

त्यांना मी टपरीवर नेलं, चहा दिला, ऑटो दाखवले आणि विचारलं, "आपा, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

"तुमच्या खुर्चीवर."

मला ठसका लागला.

"तुम पूछे तो मैं बोली," आपा शांतपणे म्हणाल्या. "नाराज नक्को हो."

नाराज कशाला होऊ? उलट इतकं सरळ उत्तर मला कोणी दिलंच नव्हतं. मी हळूहळू त्यांच्याकडे मीटिंगा सोपवायला लागले. पहिल्याच मीटिंगमध्ये अभ्यंकर सर म्हणाले, "काम जवळपास झालंच आहे, थोडंसंच राहिलंय." आपा म्हणाल्या, "हाव सर. बिर्याणी तयार आहे, फक्त तांदूळ टाकायचे राहिलेत."

आठवडाभरानं आपा माझ्या केबिनमध्ये आल्या. खुर्चीमागे जाऊन वाकून बघितलं. "मॅडम, हे चाक करकरायलंय. आत्ताच बदलून घ्या. मला नंतर त्रास नको." पुढच्या महिन्यात खिडकीचे पडदे चाचपून बघितले. म्हणाल्या, "हा रंग मला चालणार नाही."

* * *

बालाजी अखेर बोलला तो गाडीत. नांदेडला एका मोठ्या दवाखान्यात आमचं सॉफ्टवेअर दाखवायचं होतं, म्हणून मी त्याला लातूरहून सोबत घेतलं. गाडी मी चालवत होते. दोघांची नजर रस्त्यावर, म्हणजे चालती-फिरती टपरीच! या वेळी मी एकही प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं होतं. मला ओळखणाऱ्यांना विचारा, यापेक्षा अवघड काम मी कधी केलं नसेल. चाकूर गेलं, मी गप्प. पुढे एका ट्रकमागे अडकलो, तरी मी गप्प. ओठ नुसते शिवशिवत होते!

आणि शिरूर ताजबंदच्या अलीकडे, समोर बघत बघत तो म्हणाला, "मॅडम, मला परत इंजिनिअर करा."

मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर तो बंद पडला असता. नुसतं म्हटलं, "बोल."

"सकाळी उठून हापिसात जावंच वाटत न्हाई. ह्याची रजा बगा, त्याचं भांडन मिटवा. संध्याकाळी घरी जाताना इचार करतो, आज हातानं काय केलं, तर काहीच न्हाई. शनवारी चोरून बसतो तेवढंच बरं वाटतंय. बेजार झालो मॅडम."

"मग इतके दिवस मस्त मस्त काय चाललं होतं?"

"काय सांगू? वडलांनी, म्हंजी अण्णांनी, सगळ्या गावात सांगितलंय, बालाजी मॅनेजर झाला. वरून निलंग्याची सोयरीक आलीय. पोरगी मला लई पसंत हाय, तिलाबी मी पसंत हाय. पन तिच्या वडलांचा पयला सवाल काय, तर 'पोरगा मॅनेजरच हाय न्हवं?' आता खाली उतरलो की लोक म्हनतील काढून टाकलं. सोयरीक मोडंल, अन् अण्णांची इज्जत जाईल ती येगळीच."

मला त्याचं फार वाईट वाटलं. एवढा गुणी पोरगा, आणि आवडतं काम चोरून करायची वेळ आलेली! म्हटलं, "बालाजी, सगळं बाजूला ठेव. आता तरी खरं सांग. पाच वर्षांनी तू कुठं असशील?"

"कीबोर्डापुढं," तो लगेच म्हणाला. आणि अहमदपूर येईपर्यंत थांबून पुढे म्हणाला, "अन् घरी निलंग्याची पोरगी. दोनी पायजेत मॅडम!"

* * *

पहिली अर्धी मागणी माझ्या हातातली होती. अभ्यंकर सरांना व्हिडिओ कॉल लावला. आपा शेजारी होत्याच.

"म्हणजे त्याला डिमोशन हवंय?" सर म्हणाले.

"नाही सर. त्याला त्याचं काम हवंय. तो लीड म्हणून राहिला तर वर्षभरात नोकरी सोडून जाईल, आणि आपला सगळ्यात चांगला प्रोग्रॅमर दुसरीकडे शनिवारी न चोरता काम करेल."

सर विचारात पडले. त्यांनी स्क्रीनवर काहीतरी उघडलं, खालीवर केलं. "अहो, पण एचआरच्या सिस्टीममध्ये लीडवरून परत इंजिनिअर करायचं बटणच नाहीये! बढती आहे, नाहीतर राजीनामा आहे."

आपा पुढे झुकल्या. "सर, हा बग आहे. लिहून घ्या, अर्जंट."

सर मोकळेपणानं हसले आणि त्यांनी मनावरही घेतलं. महिन्याच्या आत 'सीनियर इंजिनिअर' नावाची नवीन जागा निघाली, लीडच्याच तोडीची आणि लीडच्याच पगाराची. माणसं न सांभाळता माणूस मोठा होऊ शकतो, हे आमच्या कंपनीनं पहिल्यांदा मान्य केलं. लातूरची टीम कोण बघणार म्हटल्यावर आपांनी हात वर केला. "नांदेडला बसून बघते. पण तिथली खुर्ची आधी एकदा दाखवा!"

* * *

आता राहिले अण्णा आणि निलंगा. ते काही कोणत्या सिस्टीममध्ये नव्हते.

"मॅडम, तुमीच सांगा अण्णांला," बालाजी म्हणाला.

"मी का सांगू? काम तुझं, लग्न तुझं. तूच सांगायचं."

"मग नुसतं बाजूला बसा. तुमीच म्हनता ना, शेजारी कोनी असलं की बोलता येतंय."

माझंच वाक्य माझ्यावर उलटलं! गेले. गावात पोचलो तर अण्णा अंगणात बाजेवर बसलेले. चहा झाला, पाऊसपाणी झालं, नांदेडची माणसं कशी असतात ते झालं. शेवटी बालाजीनं एकदाचं सांगून टाकलं. बोलताना तो अण्णांकडे नाही, समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होता.

अण्णांनी कपबशी खाली ठेवली. मग विचारलं, "काडून टाकलं का?"

"न्हाई अण्णा."

"कोनी काई बोललं?"

"न्हाई. मलाच ते काम आवडंना."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अण्णा, याच्याइतकं चांगलं काम करणारा आमच्याकडे दुसरा नाही. ते काम त्याला परत करता यावं म्हणून मी पुण्यात भांडून आलेय."

अण्णा उठले. "बैलाला पानी दाखवून येतो," म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले.

बालाजी माझ्याकडे सरकला. "मॅडम, बैल तर आमी कवाच इकले!"

आम्ही दोघं रिकाम्या गोठ्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं अण्णा आले, खांद्यावरच्या उपरण्यानं त्यांनी तोंड पुसलं. "निलंग्याचं मी बगतो," एवढंच म्हणाले. जेवल्याशिवाय मात्र जाऊ दिलं नाही.

पुढे आठवडाभर सगळं चिडीचूप. बालाजी नव्या जागेवर बसला, झकास काम करत होता. पण फोन वाजला की दचकायचा. घरी विचारलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं, "बगू." निलंग्याहून ना हो, ना नाही. पोरीचा मेसेजही बंद झालेला. तो ती काळजी तोंडावर दाखवत नव्हता, पण तुरीनंतर हरभरा यायचा तिथे नुसतंच एक, दोन, तीन यायला लागलं होतं, असं आपा म्हणाल्या.

मग एका सकाळी मलाच अण्णांचा फोन आला.

"मॅडम, तुमचा एक फोटो धाडून द्या. हासरा."

"कशाला हो अण्णा?"

"धाडा तर." फोन बंद!

मी घाबरून आपांना विचारलं, काय असेल? आपांनी विचार केला. "पोलिसात द्यायचा असता तर हसरा मागितला नसता," म्हणाल्या. मी भाचीच्या लग्नातला एक पाठवून दिला.

दोन दिवसांनी मी लातूरच्या ऑफिसात होते. बालाजीला गावाकडच्या मित्राचा फोन आला. तो "कुटं? कधी?" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, रेणापूर फाट्यावर चला. आत्ता."

मी, बालाजी आणि सोमनाथ, तिघं निघालो. फाट्यावर पोचलो आणि मी करकचून ब्रेक दाबला.

दुमजली घराएवढा फ्लेक्स! मधोमध बालाजी, डोळ्यांवर त्याचा नसलेला गॉगल, हातात त्याचा नसलेला लॅपटॉप, मागे सूर्याची किरणं. वर भल्या मोठ्या लाल अक्षरांत :

"हार्दिक अभिनंदन! हार्दिक अभिनंदन!! आमचे चिरंजीव बालाजी यांनी मॅनेजरपदाचा स्वखुशीने त्याग करून पुन्हा इंजिनिअरपदी झेप घेतल्याबद्दल!!!"

खाली शुभेच्छुकांची रांग. पहिले सरपंच. मग दूध डेअरीचे चेअरमन. मग अण्णा स्वतः, फेटा बांधून. त्यांच्या शेजारी मी, भाचीच्या लग्नातल्या पैठणीत, दात दाखवत.

आणि माझ्या शेजारी, सगळ्यात शेवटी, पांढरा सदरा आणि भरघोस मिशा असलेले एक गृहस्थ. त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. बालाजी त्यांच्याकडे बघत रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागून येणाऱ्या टेम्पोनं हॉर्न दिला तरी तो हलेना.

सोमनाथनं पुढे जाऊन फोटोखालची ओळ मोठ्यानं वाचली.

"होणारे सासरे, निलंगा."